येऊ द्या, येऊ द्या… बस्स!

मी एक खोटं बोलले होते. छोटंसंच, व्हॉट्सअॅपच्या एका ओळीएवढं. ‘मावशी, आज ऑफिसमध्ये क्लोजिंग आहे गं, उद्या नक्की येते.’

क्लोजिंग-बिजिंग काही नव्हतं. महिन्याची बारा तारीख होती. संध्याकाळी साडेसहाला मी नांदेडच्या डॉक्टर्स लेनमध्ये होते, मावशी अॅडमिट होती त्या हॉस्पिटलच्या दारापासून जेमतेम पन्नास पावलांवर. माझ्या स्वतःच्या गाडीत. हातात स्टेअरिंग, मागच्या सीटवर सूपचा थर्मास आणि चार डाळिंबं, कपाळावर घाम.

डाव्या बाजूला दोन गाड्यांच्या मध्ये एक जागा होती. माझी वॅगनआर आरामात बसली असती. मी एक चक्कर मारली, धीर झाला नाही. दुसरी मारली. तिसऱ्या चकरेला हिंमत करून रिव्हर्स टाकला, तर मागून ऑटोवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला. पुढून दोन बाइक घुसल्या. पानटपरीवरचे चार जण उठून उभे राहिले आणि चौघांनी चार दिशांना हात हलवायला सुरुवात केली. ‘येऊ द्या, येऊ द्या!’ ‘थांबा, थांबा!’ ‘आने दो मॅडम, हल्लू हल्लू!’ ‘ताई, स्टेअरिंग पूर्ण मारा!’ कुठल्या बाजूला, ते कोणी सांगेना.

मी फर्स्ट टाकला आणि सरळ घरी आले. थर्माससकट.

तर मंडळी, आजचा विषय पार्किंग.

पळवता येते, लावता येत नाही

गैरसमज नको. मला गाडी चालवता येते. मी मूळची लातूरची, नोकरीला नांदेडात. लायसन्स हातात आल्यावर दोन महिन्यांत चाकूर-अहमदपूर-लोहा करत लातूरहून नांदेड एकटीनं गाठलं होतं. उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक केलं होतं, समोरून येणाऱ्या एसटीला मान दिला होता. हायवेवर मी अगदी बिनधास्त. घोडं अडायचं ते गाडी थांबवायची वेळ आली की.

या एका भीतीनं माझं आख्खं शेड्युल ठरायला लागलं. ऑफिसात लवकर कशाला येते? म्हणे कामाची फार आवड. खरं कारण, साडेनऊच्या आत पोहोचलं तर कोपऱ्यातली मोठ्ठी जागा रिकामी असते. वजिराबादला जायचं तर ऑटो. का? ‘पेट्रोल किती महाग झालंय, माहीत आहे ना!’ मैत्रिणींबरोबर जेवायला कुठे जायचं, हे मी मेन्यूकार्ड बघून नव्हे, हॉटेलसमोरचा फूटपाथ आठवून ठरवायचे. हप्ता मात्र न चुकता दर महिन्याला कापला जात होता. म्हणजे गाडी माझी, हप्ता माझा, आणि फिरायचं ऑटोनं. आता बोला!

आणि हे दुखणं माझ्या एकटीचं नाही, हे ऑफिसात जरा खोदल्यावर कळलं. एक सिनियर तर दोन वर्षं गाडी चालवतोय आणि अजूनही पार्किंगला बायकोला ड्रायव्हिंग सीटवर बसवतो. हे त्यानं मला लिफ्टजवळ, हळू आवाजात सांगितलं.

यात आपला दोष किती? ड्रायव्हिंग स्कूलचे वीसेक दिवस क्लच-गिअर आणि सरळ रस्त्यात जातात. पार्किंग शेवटच्या एका दिवशी, तेही मोकळ्या मैदानात. कायद्याची अपेक्षा जास्त आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लायसन्सच्या टेस्टमध्ये काय काय तपासायचं त्याची यादी आहे. गाडी मागे घेत डाव्या किंवा उजव्या बाजूच्या मर्यादित जागेत ताबा ठेवून, बऱ्यापैकी अचूक शिरवता आली पाहिजे, असं त्यात आहे. ‘बऱ्यापैकी’ हा शब्द मला फार आवडला. कायदाही शंभर टक्के मागत नाही, मग आपणच का मागतो?

शहरांचंही ऐका. २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, त्या निमित्तानं नांदेडचे कितीतरी रस्ते रुंद झाले. पण रुंद झाले ते मोठे रस्ते. आतल्या गल्ल्या होत्या तेवढ्याच राहिल्या, आणि आपली कामं नेमकी आतल्या गल्ल्यांतच असतात. दवाखाना, सोनार, टेलर, मैत्रिणीचं घर. पार्किंग येत नसेल तर माणूस हायवेवर राजा आणि गल्लीत भिकारी.

खिडकीतून दिसलं

मावशीला पित्ताशयाचे खडे झाले होते, ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी मी ऑटोनं भेटायला गेले. चौथ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला आणि शनिवार धरून मीच मावशी-काकांना लातूरला सोडायला निघाले. हॉस्पिटलच्या दाराशी गाडी उभी केली ती रस्त्यातच, इंडिकेटर लावून. बसा पटकन.

लोहा मागे पडलं. मावशी मागच्या सीटवर उशीला टेकून बसली होती. काका पुढे, डुलक्या घेत. आणि मावशी एकदम म्हणाली, ‘त्या दिशी तू आल्तीस की गं.’

‘कुठल्या दिवशी?’

‘तुझं क्लोजिंग होतं त्या दिशी. माझी खाट खिडकीला होती. आपली लातूरची गाडी, चोवीस नंबरची, मागच्या काचेवर तुझ्या त्या मांजराचं स्टिकर. तीन डाव माझ्या म्होरून गेलीस. मी काकांना म्हणलं, आली बघा लेक. मग गेलीसच.’

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं काय?

‘मला वाटलं, रुसली का काय माझ्यावर. दिवाळीला तुझ्या लग्नाचं बोलले, म्हणून.’

खरं सांगते, गाडी शिकताना पाणी भरलेल्या खड्ड्यात घातली, गेटला घासली, भर चौकात चार वेळा बंद पाडली. पण या वाक्यानं झाली तेवढी लाज कधी वाटली नव्हती. सलाइन लावलेली बाई दोन दिवस खिडकीशी विचार करत होती, की आपण काय चुकीचं बोललो. आणि कारण काय? तर मला दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावता येत नाही.

मी सगळं सांगून टाकलं. ऑटोवाला, पानटपरी, थर्मास. मावशी हसायला लागली, मग टाके ओढले म्हणून ‘आई गं’ करत थांबली, आणि परत हसली. काका मात्र जागे झाले होते. ते एवढंच म्हणाले, ‘उद्या आखाड्यावर ये.’

कडब्याच्या पेंढ्या आणि दोन ट्रॉल्या

आमचे काका गळीत हंगामात स्वतःच्या ट्रॅक्टरवर ऊस वाहतात. मागे दोन ट्रॉल्या. ज्यांनी हे प्रकरण जवळून बघितलं नाही त्यांना सांगते, एका ट्रॉलीचा ट्रॅक्टर मागे घेणं म्हणजे सगळं उलटं असतं. ट्रॉली उजवीकडे न्यायची तर आधी स्टेअरिंग डावीकडे. दोन ट्रॉल्या असल्या तर काकांच्या शब्दांत ‘देवाचं नाव घ्यायचं’.

रविवारी सकाळी शेतातल्या आखाड्यासमोर त्यांनी कडब्याच्या पेंढ्या आडव्या रचून दोन ‘गाड्या’ केल्या. म्हणाले, ‘धडकलीस तरी चालतंय. मोडलेला कडबा म्हैस खाईल.’ तिथंच माझी अर्धी भीती गेली. पार्किंगची भीती बहुतेक वेळा जागेची नसतेच. कुणाच्या तरी नव्या कोऱ्या गाडीला आपण ओरखडा काढू, मग तो खाली उतरेल, मग माणसं जमतील, याची असते. पेंढी खाली उतरत नाही.

मग काकांनी एक वाक्य सांगितलं, ते मी आता डॅशबोर्डवर लिहून ठेवायचं बाकी आहे. ‘पोरी, म्होरचं नाक बघत मागं जाता येत नसतंय. मागचं चाक बघ. ते कुठं चाललंय, तेवढंच बघ.’

याच्यामागे सरळ भूमिती आहे. आपल्या गाडीची वळतात ती पुढची चाकं, मागची नुसती फरफटत येतात. पुढे जाऊन तिरपं शिरलं की शेपूट बाहेर राहते आणि कितीही मागेपुढे केलं तरी आत येत नाही. रिव्हर्समध्ये हेच उलटं होतं. मागची चाकं आधी खाचेत शिरतात, आणि वळणारी चाकं मोकळ्या बाजूला असल्यामुळे नाक हवं तसं फिरवता येतं. म्हणून अरुंद जागेत शहाणा माणूस मागे घेऊनच शिरतो. फक्त लक्षात ठेवायचं की त्या वेळी गाडीचं नाक रस्त्याच्या बाजूला झोकांडी खातं, तिकडून बाइकवाला येत नाही ना ते बघायचं.

किती जागा पुरे? लंडनच्या रॉयल होलोवे कॉलेजमधले गणिताचे प्राध्यापक सायमन ब्लॅकबर्न यांनी २००९ साली याचं चक्क सूत्र मांडलं होतं. गाडी किती लहान वर्तुळात वळते, दोन चाकांमधलं अंतर किती, नाक किती पुढे आलंय, शेजारची गाडी किती रुंद, एवढं घातलं की लागणारी जास्तीची जागा मिळते. मी माझ्या वॅगनआरचे अंदाजे आकडे घालून बघितले. गाडी साधारण ३.६ मीटर लांब. त्याच्यावर सव्वा-दीड मीटर मिळाले तर एका दमात आत जाता येतं. म्हणजे पाच मीटरच्या आसपास. हे झालं पुस्तकी गणित. आपल्यासारख्या नवशिक्यांनी सरळ दीडपट धरावी, म्हणजे माझ्या गाडीला साडेपाच मीटर. चालत मोजलं तर माझी सात मोठी पावलं. सातपेक्षा कमी दिसली तर मी त्या जागेकडे बघून हसते आणि पुढे जाते. सगळ्याच जागा आपल्यासाठी नसतात.

हे कात्रण डॅशबोर्डात ठेवा

काकांचं ज्ञान, इकडून तिकडून विचारलेलं आणि पेंढ्यांवर स्वतः पडताळलेलं, असं सगळं मिळून माझे फंडे हे:

• आधी जागा बघा, मग इंडिकेटर द्या, मगच थांबा. मागच्याला कळलं की तुम्ही लावताय, तर तो थोडा तरी लांब उभा राहतो. अचानक थांबलात की हॉर्न ठरलेला.

• पुढच्या गाडीच्या बरोबरीनं उभे राहा. मध्ये दोन-अडीच फूट अंतर, दोघांचे मागचे बंपर एका रेषेत. ही सुरुवात चुकली तर पुढचं सगळं चुकतं. त्यामुळे इथं वेळ घालवा.

• डावीकडे पूर्ण स्टेअरिंग मारून हळूहळू मागे. उजव्या आरशात मागच्या गाडीचे दोन्ही हेडलाइट दिसले की थांबा. स्टेअरिंग सरळ करा, थोडं मागे या. तुमचं डावं नाक पुढच्या गाडीच्या बंपरच्या मागे आलं, की स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे आणि आत.

• अॅक्सिलरेटरला सुट्टी. सपाट रस्त्यावर पेट्रोल गाडी हाफ क्लचवर आपोआप सरकते. पाय क्लचवर आणि ब्रेकवर. वेग मुंगीचा. धक्का लागलाच तरी मुंगीचाच लागतो.

• डावा आरसा खाली वाकवा. मागचं चाक आणि रस्त्याची कड दिसली पाहिजे. आपल्याकडे कडेला उघडी नाली असते, हे विसरू नका. नंतर आरसा परत वर.

• सेन्सरवर सगळी भिस्त नको. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. पण बारीक खांब, ठेंगणा दगड आणि नाली त्यांना हमखास कळेलच असं नाही. माझी गाडी त्याच्या आधीची, त्यामुळे माझा सेन्सर म्हणजे मान वळवणं.

• ‘येऊ द्या’वाला एकच. चौघांचं ऐकलं की गाडी पाचवीकडेच जाते. एकाला हात करून सांगा, ‘दादा, तुम्ही सांगा.’ आणि तो आरशात दिसेल असा उभा पाहिजे. त्याचा आवाज नाही, हात बघायचा.

• शंका आली की खाली उतरून बघा. हँडब्रेक लावा, उतरा, किती जागा आहे ते डोळ्यांनी बघा, परत बसा. यात कमीपणा काही नाही. ट्रकवाल्याचा क्लीनर आयुष्यभर हेच करतो.

• आणि जागा नो पार्किंगची नाही ना? महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा सापडलात तर १५०० रुपये. एवढ्या कष्टानं लावलेली गाडी उचलून नेली तर दुःख डबल.

गोलाई

महिनाभरानं मावशीनं फर्मान काढलं. ऑपरेशन नीट झालं तर देवीची ओटी भरीन, असं ती बोलली होती. देवी कुठली? गंजगोलाईतली जगदंबा. ‘ऑटोनं जाऊ,’ ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, हे मला कळलं.

‘गाडी काढते,’ मी म्हटलं.

लातूरकरांना गोलाई सांगायला नको, इतरांसाठी सांगते. मधोमध देवीचं मंदिर, त्याभोवती बाजाराची दुमजली गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. आराखडा फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराचा, बांधकाम १९१७ चं. कुठल्या रस्त्याला सोनं, कुठल्या रस्त्याला चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. शंभर वर्षांपूर्वी इथं जे येत होतं ते बैलगाडीनं. आज त्याच जागेत कार, छोटा हत्ती, ऑटो, हातगाडे आणि सगळ्या लातूरच्या बाइक. नवशिक्या ड्रायव्हरला घाबरवायचं असेल तर एवढं पुरे.

पहिल्या चकरेला जागा दिसली, पण मी पोहोचेपर्यंत एक ऑटो शिरला. दुसऱ्या चकरेला दिसली, मोजली, पाचच पावलं. सोडली. माझे हात ओले व्हायला लागले. डॉक्टर्स लेन आठवली. मागच्या सीटवर मावशी ओटीचं ताट मांडीवर धरून गप्प. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गोल फिरताना एक बरं असतं. चुकलं तर परत फिरून तिथंच येता येतं. कुणी मोजत नसतं. त्या दिवशी हॉस्पिटलसमोर तीन चकरा मारून मी हरले असं धरलं होतं. चौथी मारली असती तर?

तिसऱ्या चकरेला, सोळातल्या एका रस्त्यावर, एका टेम्पोच्या मागे आणि पांढऱ्या गाडीच्या पुढे जागा दिसली. सात पावलं असावीत. इंडिकेटर दिला. टेम्पोच्या बरोबरीनं उभी राहिले. काका न सांगता उतरले आणि मागे जाऊन डाव्या आरशात उभे राहिले. हॉर्न वाजलाच. लसूण विकणारी बाई उठून म्हणाली, ‘येऊ द्या ताई, येऊ द्या!’ मी फक्त मागचं चाक बघत होते. काकांनी तोंड उघडलं नाही. शेवटी फक्त तळहात वर केला. बस्स.

पहिल्या दमात नाही जमलं. एकदा पुढे घेऊन परत मागे घ्यावी लागली. उतरून बघितलं तर मागचं चाक कडेपासून वीतभर आणि पुढचं चांगलं हातभर. तिरकी लागली होती. पण कुणाला घासली नव्हती, कुणाची वाट अडली नव्हती. कायद्याच्या भाषेत, बऱ्यापैकी अचूक. हॉर्नवाला केव्हाच निघून गेला होता, मला त्याचं तोंडही दिसलं नाही. इतके दिवस मी ज्याला घाबरत होते, त्याला माझ्याशी काही देणंघेणंच नव्हतं.

मावशी उतरली. गाडीकडे, मग नालीकडे, मग माझ्याकडे बघितलं. ‘लागली की,’ म्हणाली आणि चालायला लागली.

लगेच सगळं सोपं झालं असं नाही हं. अजूनही गल्ली दिसली की पोटात गोळा येतो. अजूनही मी सात पावलं मोजते. पण आता कुठे जायचं हे आधी ठरतं आणि पार्किंगचं नंतर.

गेल्या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर मुद्दाम डॉक्टर्स लेनला गेले. कोणी आजारी नव्हतं. दुसऱ्या चकरेला जागा मिळाली, लावली. उतरून त्याच पानटपरीशेजारी चहा घेतला. वर बघितलं, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत कुणाच्या तरी घरचं माणूस रस्त्याकडे बघत उभं होतं. मी गाडीचा फोटो काढून मावशीला पाठवला.

दोन मिनिटांत उत्तर आलं. ‘थर्मास आणलास का?’